नाणेघाटाच्या वाटेवर पहार घेऊन

पावसाळा सरला, दिवाळी आटोपली की आमच्या घरी एक भांडण ठरलेले असते. मी पोटमाळ्यावरून पहार, घण आणि पोचे आलेली दोन घमेली खाली काढतो, आणि ऐंशी ओलांडलेली आमची आत्या खाटेवरूनच विचारते, "निघाला का येठीला?"

वेठ हा शब्द आजच्या मुलांना शब्दकोशात शोधावा लागेल. आत्याला तो शोधावा लागत नाही. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, जुन्नर तालुक्यात घाटमाथ्याजवळच्या एका गावचे वतनदार महार. वतनदार हा शब्द ऐकायला मोठा भारदस्त. प्रत्यक्षात काम काय, तर सरकारी अंमलदार गावी आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, त्याचे बिऱ्हाड डोक्यावर घेऊन पुढच्या मुक्कामाला पोचवायचे, निरोप न्यायचे, वाट दाखवायची. अंमलदार कोकणात उतरणार असला तर ओझे नाणेघाटातून खाली मुरबाडच्या अंगाला. मजुरी नाही. भाकर मिळाली तर मिळाली. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले ते याच गुलामगिरीवर घाव घालण्यासाठी. ही वतने रद्द करणारा कायदा यायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले. आजोबांच्या मानेवर ओझ्याचा घट्टा शेवटपर्यंत होता, असे आत्या सांगते.

तर अशा आजोबांचा नातू, बी. कॉम. झालेला, सरकारी कचेरीत पंख्याखाली बसणारा, रविवारी पदरचे पैसे खर्चून त्याच नाणेघाटात दगड उचलायला जातो. आत्याने चिडू नये तर काय करावे? "त्यांना जबरदस्ती व्हती. तुला कुणी केली?" हा तिचा सवाल. "कुणीच केली नाही, म्हणून तर जातो," हे माझे उत्तर. ते तिला पटत नाही. आणि खरे सांगायचे तर सुरुवातीला मलाही ते पुरते पटलेले नव्हते.

ज्या वाचकांनी ही वाट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कल्याणहून मुरबाड-माळशेज मार्गे जाणाऱ्या एस.टी.त बसायचे. मुरबाड, टोकावडे, मग वैशाखरे. वैशाखरे मागे पडले की थोड्या अंतरावर नाणेघाटाचा फाटा येतो. कंडक्टरला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर गाडी थेट माळशेजला लागते. उतरल्यावर समोर सह्याद्रीची भिंत उभी, आणि त्या भिंतीत अंगठ्यासारखा वर आलेला कडा. त्याला नानाचा अंगठा म्हणतात. त्याच्या कुशीतल्या खिंडीतून वाट माथ्यावर घाटघरकडे निघते. पायथ्याच्या रस्त्यापासून खिंडीपर्यंत आमच्यासारख्या कचेरीतल्या माणसाला अडीच-तीन तास लागतात. खालच्या वाडीतले ठाकराचे पोर त्याच्या निम्म्या वेळात जाते आणि वर आपली वाट बघत बसते.

ही वाट दोन हजार वर्षांपासून चालती आहे. खाली सोपारा आणि कल्याण ही बंदरे, वर जुन्नर आणि पैठण ही शहरे, आणि त्यांच्यामधला जिना म्हणजे नाणेघाट. गलबतातून उतरलेला माल बैलांच्या पाठीवर वर जायचा, देशावरचा माल खाली यायचा. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे, त्यात व्यापारी जकात टाकत असे सांगतात. आज माल माळशेज घाटाने ट्रकमधून जातो. नाणेघाटाच्या पायवाटेला उरले कोण? सुट्टीत येणारे हौशी लोक, जुने लेख वाचणारे अभ्यासक, आणि वरच्या-खालच्या वाड्यांतली माणसे, ज्यांचे सोयरेधायरे डोंगराच्या दोन्ही अंगांना आहेत. एस.टी.ने माळशेजला वळसा घालून जाण्यापेक्षा त्यांना ही वाट जवळची.

आता डोंगरातली वाट दुरुस्त करायची म्हणजे नेमके काय करायचे? मलाही ते ठाऊक नव्हते. पहिल्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या नोव्हेंबरात, आम्ही मोठ्या उत्साहाने गेलो आणि शुद्ध मूर्खपणा करून आलो. आम्ही म्हणजे चौदा-पंधरा जण. त्यात दोघे कारकून, एक रिक्षावाले, एक एस.टी.च्या आगारातले मेकॅनिक, एक दवाखान्यात काम करणाऱ्या परिचारिका ताई आणि बाकी आमच्या वस्तीतली कॉलेजची मुले. चढणीत एका ठिकाणी वाट खचून घसारा झाला होता. तिथे आम्ही सपाट सपाट दगड शोधून मातीवर मांडले, अकरा पायऱ्या केल्या, शेवटच्या पायरीवर बसून फोटो काढले आणि छाती फुगवून घरी आलो. २०२० ची दिवाळी टाळेबंदीच्या धास्तीत गेली. त्यानंतरच्या फेब्रुवारीत पुन्हा गेलो तेव्हा अकरापैकी तीन पायऱ्या शिल्लक होत्या. बाकीचे दगड खाली ओढ्यात, आणि वाटेच्या जागी गुडघाभर खोल घळ. आम्ही गेलो नसतो तर वाट बरी राहिली असती.

तिथेच लाकडाची मोळी घेऊन उतरणारे एक ठाकर बाबा भेटले. त्यांनी मोळी टेकवली, आमची उरलेली कारागिरी पाहिली आणि म्हणाले, "पायऱ्या माणसाला क्येल्या का पाण्याला?"

त्या एका प्रश्नात सगळी विद्या होती. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर जो पाऊस कोसळतो, त्याला खाली जायला सोपा उतार हवा असतो. झाडी, गवत, कातळ यांच्यापेक्षा माणसाने तुडवून मोकळी केलेली वाट त्याला सोयीची. वाटेला लागलेले पाणी माती घेऊन जाते, मातीमागून कपच्या जातात, कपच्या गेल्या की मोठा दगड डुगडुगतो आणि एका रात्रीत घरंगळतो. वाट ओढा होते. मग चालणारा माणूस बाजूच्या गवतातून नवी वाट पाडतो, तीही पुढच्या पावसात ओढा होते. माणसाच्या पायाने वाट झिजते हे खरे, पण तिला मारते ते पाणी.

म्हणून पायरीच्या आधी चर. वाटेला आडवा, पण सरळ आडवा नाही, तिरका. वरच्या अंगाने येणारे पाणी चराने उचलायचे आणि दरीच्या बाजूला सोडायचे. चराच्या खालच्या काठाला दगडांची पाळ लावायची, त्यातला प्रत्येक दगड निम्म्याहून जास्त जमिनीत. पाणी जिथे बाहेर पडते तिथेही दगड पसरायचे, नाहीतर ते तिथे नवा खड्डा करते. चढ जितका उभा तितके चर जवळजवळ. हे काम दिसायला अगदी भिकार. फोटो काढण्यासारखे त्यात काही नसते. येणारा-जाणारा त्यावर पाय देऊन जातो आणि त्याला कळतही नाही. पण आमच्या हिशेबाने दिवसाचे निम्मे श्रम चरांवर जातात, आणि निम्म्याहून अधिक श्रम गेल्या वर्षीचे बुजलेले चर उपसण्यावर.

मग पायरी. पायरीचा दगड कधी मातीवर ठेवायचा नाही. त्याला बसायला जागा खणायची, एक तृतीयांश दगड जमिनीत जायला हवा. सगळ्यात जड दगड सगळ्यात खाली. वरच्या पायरीचा पुढचा काठ खालच्या पायरीच्या पाठीवर टेकला पाहिजे. फटीत माती भरायची नाही, ती पहिल्या सरीत वाहून जाते. कपच्या घणाने ठोकून बसवायच्या. दरीकडच्या अंगाला गडगा रचायचा, तोही कोरडाच, पण आतल्या बाजूला झुकता. सिमेंटचा मोह होतो. आमच्या मेकॅनिक दादांनी तर एकदा अर्धी गोणी पाठीवर आणलीही होती. बाबांनी नको म्हटले. सिमेंटच्या मागे पाणी अडून राहते आणि एक दिवस सगळाच तुकडा घेऊन जाते; दगडाच्या गडग्यातून ते झिरपून निघून जाते. एक दगड हलला तर आपण परत बसवू शकतो, सिमेंटच्या तुकड्याला काय करणार?

हे सगळे सांगताना सोपे वाटते. दोन माणसांनी पहारीवर दगड उचलून तीस हात नेणे म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कचेरीत पेन धरताना कळते.

तिसरे काम आडवाटा बंद करण्याचे. वाट नागमोडी असते ती उगाच नसते. चढ सुसह्य व्हावा आणि पाण्याला वेग येऊ नये म्हणून जुन्या लोकांनी वळणे घेतली. उतरताना तरुण मुले वळण टाळून सरळ खाली उड्या मारतात, आणि दोन महिन्यांत तिथे उभी घसरण तयार होते. अशा ठिकाणी वाळक्या काटेरी फांद्यांची कुपाटी घालायची. दोन पावसाळे कुणी पाय दिला नाही तर गवत स्वतःच ती जखम भरते. कुपाटीसाठी हिरवी फांदी मात्र तोडायची नाही. जंगल वनखात्याचे, तेव्हा त्यांच्या परवानगीशिवाय कुदळही मारता येत नाही. आणि वरचे लेणे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली, तेव्हा त्याच्या आसपास आम्ही दगडाला हातही लावत नाही, फक्त कचरा वेचतो. परवानगीचा आमचा पहिला अर्ज एका कचेरीत चार महिने पडून होता. मी स्वतः कारकून असल्यामुळे अर्ज कुठल्या फायलीखाली पडून राहतो याचा मला अंदाज असतो. चहा पाजून नव्हे, तर ती फाईल उचलून दाखवून मी तो बाहेर काढला. असो.

दुपारी एकच्या सुमारास आम्ही काम थांबवून लेण्याजवळ जातो. खिंडीच्या थोडे अलीकडे, कातळात कोरलेली एक प्रशस्त खोली, तीन बाजूंना बसायला दगडी ओटे. शेजारी पाण्याची टाकी. वर चढून आलेल्या वाटसरूला सावली आणि पाणी, एवढाच तिचा साधा हेतू वाटतो. पण भिंतींवर ब्राह्मी लिपीतला जो लेख आहे त्याने जगभरचे विद्वान इथे आले. सातवाहनांची राणी नागनिका हिने केलेल्या यज्ञांचा आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेचा तो लेख. ब्यूलर नावाच्या जर्मन पंडिताने त्याचे वाचन १८८३ साली प्रसिद्ध केले. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. पुतळ्यांच्या वर नावे आहेत आणि खाली फक्त पावलांच्या खुणा. मधले सगळे गेले.

माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसाला तो लेख म्हणजे खर्चाची वहीच वाटतो. १,७०० गाई. १०,००१ गाई. एका यज्ञाची दक्षिणा २४,४०० कार्षापण. घोडे, हत्ती, गावे. आकडे कोरण्याचे जे अगदी जुने नमुने आपल्या देशात मिळतात, त्यांत या लेखाचे नाव घेतले जाते. पहिल्यांदा वाचनाची प्रत हातात घेऊन ते आकडे पाहिले तेव्हा मी भारावून गेलो. दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा मात्र कारकुनाची खोड जागी झाली. एवढ्या जमाखर्चात ज्या घाटातून ही संपत्ती वर आली, त्या घाटाच्या पायऱ्या फोडणाऱ्यांचे खाते कुठे आहे? वाचता येते तेवढ्या मजकुरात नाही. टाक्याच्या दात्याचे नाव आहे: सोपाऱ्याचा गोविंददास. पायऱ्यांच्या मजुरांचे नाही.

पण इतिहासाने एक नाव राखून ठेवले आहे, आणि ते आपल्या कल्याणचे आहे. मुंबईजवळ बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. तिथे दान देणाऱ्यांचे शेकडो वर्षांचे लेख आहेत. व्यापारी आहेत, भिक्खुणी आहेत, गृहिणी आहेत. कुणी लेणे दिले, कुणी पाण्याची पोढी, म्हणजे टाके दिले, कुणी बसायचा ओटा. त्यात कल्याणच्या नंद नावाच्या एका लोहाराचा लेख आहे. त्याने दान काय दिले? पथ. वाट दिली. राजा नाही, सेठ नाही, भात्यापुढे घाम गाळणारा लोहार. भिक्खूंना आणि उपासकांना चालायला डोंगरात वाट करून दिली आणि आपले नाव आणि आपला धंदा दोन्ही लाजेशिवाय कोरून ठेवले. हे वाचल्यापासून नाणेघाटात पहार उचलताना मला एकटे वाटत नाही. ती पहारही कुण्या लोहारानेच घडवली आहे.

ही नंद लोहाराची गोष्ट मी मुलांना सांगितली आणि माझ्याच अंगलट आली. त्यांना तेव्हा तयार झालेल्या पायरीवर ऑइलपेंटने मंडळाचे नाव लिहायचे होते. वाटेवर खडकांना पांढऱ्या-तांबड्या रंगात कुणाकुणाची नावे, बाण, बदाम, तारखा होत्याच. दुसऱ्या एका मंडळीने तर लेण्याच्या वाटेवरच हातभर अक्षरांत आपला जयजयकार लिहून ठेवला होता. मी म्हटले, नाव लिहायचे नाही. तेव्हा एक पोरगा फट्‌दिशी म्हणाला, "काका, लोहाराने कोरले ते इतिहास, आणि आम्ही लिहिले तर घाण?"

याला माझ्याकडे चोख उत्तर नव्हते. मी म्हणालो, त्याने संघाच्या जागेत संघाला दान देताना कोरले. मी म्हणालो, खडकावरचा रंग धुण्यासाठी आम्हीच मागच्या महिन्यात ब्रश घेऊन दिवसभर बसलो होतो. मुलगा गप्प झाला, पण पटले नव्हते, ते चेहऱ्यावर दिसले. आमच्या माणसांची नावे कुठेच लिहिली गेली नाहीत, आणि आता लिहायची पाळी आली तर शहाणपण शिकवणारा काका आडवा येतो! त्याचे म्हणणे मी समजू शकतो. शेवटी एक तोडगा निघाला. एक जाड वही केली. तारीख, हजर माणसांची पूर्ण नावे, कुठला चर, कितवी पायरी, कोणता दगड कुणी बसवला, सगळे त्यात लिहायचे. दरवर्षी वाटेवर चालत जाऊन वहीशी ताडून बघायचे. हल्ली मुले एकमेकांच्या पायऱ्या हलवून बघतात आणि ज्याची डुगडुगली त्याची चेष्टा करतात. नाव रंगवले असते तर ही परीक्षा झाली नसती.

मुलींच्या बाबतीतही वाद झाला होता. पहिल्या वर्षी परिचारिका ताई सोडून कुणी बाई नव्हती. मुलींना घेऊन जावे असे ताईंनी सुचवले तेव्हा काही जणांनी नाके मुरडली: जड काम, परत यायला रात्र. मी त्यांना जातककथांतली मघाची गोष्ट सांगितली. मघ नावाचा तरुण आणि त्याचे सोबती मिळून तीस जण पहाटे उठून कुऱ्हाडी-पहारी घेऊन निघत. रस्त्यातले धोंडे बाजूला करत, गाड्यांच्या आसांना अडणारी झाडे काढत, खाचखळगे भरत, पूल बांधत, तळी खणत. पंचशील पाळत. गावच्या पाटलाचे दारूचे आणि दंडाचे उत्पन्न बुडाले, म्हणून त्याने राजाकडे चहाडी केली की हे दरोडेखोर आहेत. राजाने त्यांना हत्तीच्या पायी द्यायचा हुकूम सोडला, पण हत्ती त्यांच्यावर पाय टाकेना. पाटलाच्या वागण्यात मला नवल वाटले नाही. रस्ता दुरुस्त करणाऱ्यांवर संशय घेणारा माणूस प्रत्येक गावात असतो. मला मजा वाटली ती गोष्टीच्या पुढच्या भागाची. या मंडळींनी चव्हाट्यावर धर्मशाळा बांधायला काढली आणि बायकांना त्यात वाटा द्यायचा नाही असे ठरवले. सुधम्मा नावाच्या बाईने सुताराला हाताशी धरून शिखर आधीच करून ठेवले. शिखरावाचून धर्मशाळा अडली, दुसरीकडे ते मिळेना, आणि सुधम्मेला वाटा द्यावा लागला. एवढी जुनी गोष्ट, पण भांडण अगदी कालचे.

आता आमच्यात सहा मुली आहेत. तिरका चर किती तिरका घ्यायचा याचा डोळा त्यांच्यातल्या एकीला जितका आहे तितका कुणालाच नाही. ती नळ दुरुस्त करणाऱ्याची मुलगी आहे. पाणी कुठे वळेल हे तिला घरातच शिकायला मिळाले.

एक प्रश्न मात्र मला अजूनही सतावतो, आणि तो आत्याच्या प्रश्नाचाच दुसरा भाग आहे. आपण फुकट काम करतो तेव्हा कुणाची रोजी मारतो का? खालच्या वाड्यांतली माणसे भात कापून झाले की कामासाठी वीटभट्ट्यांवर बाहेर पडतात. हीच वाट रोजगार हमीतून दुरुस्त झाली तर त्यांना घराजवळ काम मिळेल. शहरातल्या नोकरदारांनी हौसेखातर येऊन ते काम फुकटात उरकले तर सरकार म्हणेल, होतेच आहे की! कामगार संघटनेत पंधरा वर्षे काढलेल्या माणसाला हे टोचते. बाबांना विचारले. ते म्हणाले, सरकारचं काम आलं तर तुमी येऊ नका, आमी करू. येत नाय तवर या. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. ग्रामपंचायतीत हे काम घ्यावे म्हणून वाडीतल्या लोकांच्या सह्यांनिशी अर्ज लिहून दिला. आणि आमच्या प्रत्येक खेपेला वाडीतले दोन जाणते गडी रोजाने घ्यायचे ठरवले. आम्ही मदतनीस, ते गवंडी. चौदा माणसांची प्रत्येकी शंभर रुपये वर्गणी म्हणजे चौदाशे. त्यातून दोघांना पाचशे-पाचशे रोज. उरलेल्या चारशेत दोर, गोण्या, घणाचे दांडे. एस.टी.चे भाडे ज्याचे त्याने. हिशेब त्याच वहीच्या मागच्या पानांवर, कुणीही उघडून बघावा. अर्जाचे पुढे काय झाले ते विचारू नका, तो कुठल्यातरी फायलीखाली आहे आणि या वेळी मला ती फाईल सापडलेली नाही.

वर्गणीचा विषय निघाला म्हणून आणखी एक हिशेब सांगतो, मला तो फार आवडतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने लेणे तर दिलेच, शिवाय तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल मोडायचे नाही. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणारे भिक्खू वीस, प्रत्येकाला चीवरासाठी बारा. वीस बारे दोनशे चाळीस. पैशाचाही फरक नाही! लेणे कोरायचा खर्च एकदाचा, पण त्यात राहणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्याचा खर्च दर वर्षाचा, हे त्या माणसाला कळले होते. आमच्याकडे उलट. डोंगरात एखादी वाट बांधायची म्हटली की निधी येतो, पाटी लागते, फीत कापली जाते. पुढच्या वर्षी चर बुजले तर ते उपसायला दहा रुपयांचे खाते नसते. लोखंडी कठड्याचा एक खांब गंजून वाकतो, आणि तो वाकलेला खांबच लोक आधाराला धरतात.

पावसाळ्यातल्या गर्दीबद्दल लिहिणार नव्हतो, पण थोडे लिहितोच. माथ्यावर वाऱ्याने धबधब्याचे पाणी उलटे उडते ते बघायला हजारो माणसे वरच्या अंगाने गाड्या घेऊन येतात. पाहावे, जरूर पाहावे, आम्हीही मुलाबाळांना दाखवले आहे. पण चिखलात वाट सोडून गवतावरून चालू नये, कड्याच्या टोकावर जाऊ नये, आणि वेफर्सची पिशवी खिशात घालून परत न्यावी. एका रविवारी आम्ही सात गोण्या प्लास्टिक खाली आणले. चरात अडकलेली एक पाण्याची बाटली अख्खा चर तुंबवते, आणि तुंबलेल्या चराचे पाणी पायरीखाली शिरते.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी रात्री घरी आलो तेव्हा हाताला दोन फोड आले होते. आत्याने हात ओढून घेतला, दिव्याखाली धरला, आणि म्हणाली, "घण आवळून धरतोस. ढिला धरायचा असतो." मी चमकलो. मग तिने जे सांगितले ते मला सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात कधी कळले नव्हते. १९७२ च्या दुष्काळात ती सासरी होती, आणि दोन वर्षे तिने दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडली होती. पोटाशी मूल, डोक्यावर ऊन, दिवसभर हातोडा. "दगडाला नस असते," ती म्हणाली. "नशीवर बसला घाव तर दोन ठोक्यांत दुभंगतो. नाय तर हात दुभंगतो." आठवड्याला मजुरी मिळायची, कमी मिळायची, पण मोजून मिळायची आणि तिच्या स्वतःच्या हातात मिळायची, हे तिने तीनदा सांगितले. बापाच्या वेठीत आणि तिच्या खडीत तिने फरक काय केला असेल, ते मला त्या तीनदा सांगण्यात कळले.

मी मोबाइलवर नव्या पायऱ्यांचे फोटो दाखवले. तिने चष्मा लावून एकेक नीट पाहिला. चौथ्या फोटोवर बोट ठेवले. "ह्यो दगुड पालथा बसवलाय. रुंद बाजू खाली पायजे."

पुढच्या खेपेला मी आधी तोच दगड पाय देऊन पाहिला. डुगडुगत होता. वही उघडली. बसवणाऱ्याच्या रकान्यात माझेच नाव होते.

यंदा डिसेंबरचा पहिला आठवडा आम्ही सोडला आहे, तेव्हा सगळे दादरला असतात. त्यानंतरच्या रविवारी निघायचे. कल्याणच्या एस.टी. आगारात मुरबाडकडच्या पहिल्या गाडीच्या वेळेला यावे. दोन लिटर पाणी, दोन वेळच्या भाकरी, जुने बूट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा आणावा. हत्यारे आमच्याकडे आहेत. आत्याने काल तिच्या पेटीच्या तळातून खडी फोडायचा हातोडा काढून माझ्यासमोर ठेवला. दांडा किडला होता, तो मी बाजारातून नवा बसवून आणला. तिने हातात धरून तोलून पाहिला आणि परत माझ्याकडे दिला.

"येठीला चाललाच आहेस तर ह्यो ने," ती म्हणाली. "पण आठवणीनं परत आण."